बॉयलरचं प्रेशर दर दोन दिवसांनी उतरतंय. पाणी जातंय कुठे?

टेम्सकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो. घर १९७०च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड. स्वयंपाकघरातल्या कपाटात कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही त्यावरच. घर घेतलं तेव्हापासून तोच आहे, आणि आधीच्या मालकांच्या कागदांवरून त्याला आता १४ वर्षं झाली.

गेल्या महिन्यापासून प्रेशरचा काटा खाली येतोय. थंड असताना १.४ बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) आणून ठेवते, दोन दिवसांनी बघावं तर ०.५. मग बॉयलर चालूच होत नाही. खालचा जाळीचा पाइप उघडून पाणी भरायचं, की पुन्हा दोन दिवस सुरळीत. बॉयलरखाली हात फिरवून पाहिला, कोरडा. रेडिएटरखाली ओल नाही, छतावर डाग नाही.

एक जण येऊन बघून गेले. १० मिनिटं थांबले आणि म्हणाले, "जुना झालाय, नवीन बसवा." अंदाज दिला २,९०० पौंडांचा. मी विचारलं, गळतंय कुठे? त्यावर म्हणाले, ते शोधण्यात पैसे घालवू नका.

सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना थंडी अजिबात सोसत नाही, म्हणून घाई आहे. पण कारण कळल्याशिवाय २,९०० पौंड मोजायला मन धजत नाही. दुरुस्त करावा की बदलावा? आणि तोवर असं रोज पाणी भरत राहिलं तर चालेल का?

---

भिजलेली_छत्री | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५८

हीटिंग चालू असताना काटा किती वर जातो ते बघा. नुसतं थंड असतानाचं रीडिंग अर्धंच सांगतं.

---

सोनचाफा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

टेम्सकाठ, ताई, थांबा. बॉयलर बदलू नका एवढ्यात.

आमचंही हुबेहूब असंच झालं होतं. हॅरोला. आम्हीही ऐकलं, नवीन बॉयलर बसवला, घरभर प्लास्टर उखडलं, आणि तिसऱ्या दिवशी नव्या कोऱ्या बॉयलरचा काटा खाली! गळती बॉयलरमध्ये नव्हतीच. तळमजल्याच्या काँक्रीटमध्ये तांब्याचा पाइप तसाच पुरलेला होता, वर कसलंही वेष्टण नाही. सिमेंट लागून लागून तो खाल्ला गेला होता. पाणी जमिनीतच मुरत होतं, वर थेंब दिसायचा नाही. फक्त जिन्यापाशी एक फरशी नेहमी कोमट असायची आणि आमची मांजर बरोबर तिथेच झोपायची. तिला कळलं होतं, आम्हाला नाही.

शेवटी पाइपात हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण सोडून, वरून यंत्राने हुंगून जागा काढली. विम्यात गळती शोधून त्यासाठी फरशी उकरण्याचा खर्च धरलेला होता म्हणून निभावलं. तुमच्याही पॉलिसीत तसं काही आहे का बघून ठेवा.

---

पाना_पक्कड | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी स्लावला हीटिंगचंच काम करतो, ११ वर्षं झाली. गॅसची कामं करायला लागणारी 'गॅस सेफ' नोंदणी आहे. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न नोव्हेंबर लागला की रोज कानावर येतो.

तुमची सिस्टिम बंदिस्त प्रकारची आहे. एकदा भरलेलं पाणीच वर्षानुवर्षं फिरायला हवं. काटा उतरतोय म्हणजे पाणी बाहेर जातंय, यात शंका नाही. आता कुठून जातंय ते तुम्ही स्वतः, बॉयलरचं झाकण न काढता, एका रात्रीत बरंच शोधू शकता.

पहिलं काम. बाहेरच्या भिंतीतून १५ मिलिमीटरचा एक तांब्याचा पाइप निघतो आणि पुन्हा भिंतीकडे वळलेला असतो. तो सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप. सिस्टिममध्ये ३ बारच्या वर दाब गेला की तो उघडतो आणि पाणी बाहेर टाकतो. त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पातळ पिशवी रबरबँडने सैलसर अडकवा आणि दिवसभर हीटिंग चालवा. फक्त त्यातून अचानक कढत पाणी येऊ शकतं, तेव्हा हीटिंग चालू असताना हात लावायला जाऊ नका.

दुसरं काम रात्री. बॉयलर स्विचवरून बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. खाली पाइपांची रांग दिसेल. त्यातले रेडिएटरकडे जाणारा आणि परत येणारा, या दोन पाइपांवरचे व्हॉल्व्ह अलगद बंद करा. कुठला कोणता ते पुस्तिकेत बघूनच, गॅसच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. १४ वर्षं न फिरवलेले असतील तर जोर करू नका, तेच गळायला लागतील. आता काट्याचा फोटो काढा आणि झोपा. सकाळी काटा उतरलेला असला तर पाणी बॉयलरच्या आतून जातंय. काटा होता तिथेच असला तर चोर बाहेर आहे, पाइपात किंवा रेडिएटरवर. मग व्हॉल्व्ह उघडा आणि नंतरच बॉयलर चालू करा. ते बंद असताना बॉयलर अजिबात चालवायचा नाही.

रोज पाणी भरण्याबद्दल: चालणार नाही. ताज्या पाण्यात प्राणवायू असतो, तो रेडिएटरचं लोखंड आतून खातो आणि काळा गाळ होतो. शिवाय तुमच्याकडचं पाणी जड, त्याचा क्षार वेगळाच. आणि गंज धरू नये म्हणून टाकलेलं औषध दर वेळी आणखी पातळ होतं. सासूबाईंसाठी चार-आठ दिवस भरलंत तर आभाळ कोसळणार नाही, पण याची सवय लावून घेऊ नका. आणि भरून झालं की तो जाळीचा पाइप दोन्हीकडून नीट बंद आहे ना ते बघा.

---

नवखा_भाडेकरू | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

लेस्टरला भाड्याच्या घरात राहतो, आमचाही काटा असाच उतरतो. घरमालक म्हणतात, तूच पाणी भरत जा. हे बरोबर आहे का?

---

पाना_पक्कड | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:५२

नवखा, एकदा-दोनदा भरणं ठीक. दुरुस्ती मात्र घरमालकाचीच. १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्यात हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं ही त्यांची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. शिवाय दर वर्षी गॅस तपासणी करून त्याचा कागद २८ दिवसांत तुमच्या हातात द्यायला हवा. तो मागा. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. फोनवर नको, ईमेलवर लिहून कळवा.

---

चिमणीचा_धूर | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात बॉयलरवर ३१ वर्षं काढली. सध्या मुलाकडे मिल्टन कीन्सला आहे. आमचे बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणारे, तीन मजली उंचीचे. त्यांच्यापुढे हे कपाटातलं बॉयलर म्हणजे खेळणं. पण पाणी तेच, लोखंड तेच.

आमच्याकडे गाळप सुरू व्हायच्या आधी हायड्रॉलिक टेस्ट व्हायची. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा, पंपाने दाब चढवायचा आणि बॅटरी घेऊन नळी नळी बघायची. निरीक्षक साहेब समोर उभे. मला पहिल्या वर्षी वस्तादांनी शिकवलेली गोष्ट सांगतो. पाणी दिसेल तिथे गळती आहे असं समजायचं नाही. पाणी नळीवरून ओघळत ओघळत चार हात लांब जाऊन टपकतं. म्हणून ओल दिसली की ती पुसायची, कोरडी करायची आणि परत पहिला थेंब कुठे फुटतो ते बघत बसायचं.

ताई, घरात टिश्यू असेलच. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हखाली एकेक घडी ठेवा. गरम रेडिएटरवर पाझरलेलं पाणी लगेच वाळतं, म्हणून डोळ्याला ओल दिसत नाही. टिश्यूवर डाग मात्र राहतो.

---

एडिंबराची_थंडी | १३ नोव्हेंबर, दुपारी १:१०

काकांचं अगदी पटलं.

ज्यांच्याकडे अजून जुनी पद्धत आहे, म्हणजे माळ्यावर छोटी टाकी आणि तिला चेंडूचा व्हॉल्व्ह, त्यांना तर गळती कळतच नाही. काटाच नसतो. जितकं पाणी जातं तितकं टाकी गुपचूप भरत राहते. आमच्या आधीच्या घरी अशी टाकी होती. मी टाकीवर आडवं लाटणं ठेवलं, चेंडूची दांडी त्याला सुतळीने वर बांधली आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली. हीटिंग लागलं की पाणी फुगून वर येतं, म्हणून पहाटे थंड असताना एकदा आणि दुसऱ्या पहाटे थंड असताना एकदा, असं मोजायचं. एका रात्रीत पातळी दोन बोटं खाली होती. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांखाली एका जोडातून पाझरत होतं.

लाटणं नंतर धुऊन घेतलं :)

---

टेम्सकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं सांगायचं ते भिजलेली_छत्री यांना. आज मुद्दाम बघितलं: थंड असताना १.४, आणि हीटिंग लावून अर्धा तास झाला तर काटा जवळजवळ ३ वर, लाल पट्ट्यात! मी आजवर सकाळीच बघायचे, त्यामुळे हे कधी दिसलंच नाही.

बाहेर तो तांब्याचा पाइप सापडला, कचऱ्याच्या डब्यांच्या मागे. भिंतीवर त्याच्याखाली विटांवर पांढरी रेघ उमटली आहे. पिशवी लावली आहे.

---

भिजलेली_छत्री | १३ नोव्हेंबर, रात्री ९:३१

पांढरी रेघ! मिळाला चोर. विस्तार टाकीतली हवा गेली आहे, पैज लावतो.

---

पाना_पक्कड | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

+१. इतरांच्या उपयोगासाठी जरा उलगडून सांगतो.

पाणी तापलं की फुगतं. अशा घराच्या सिस्टिममध्ये साधारण १०० लिटर पाणी धरा. १० अंशांवरून ७० अंशांवर नेलं की ते दोन लिटरहून जास्त वाढतं. या दोन लिटरांनी जायचं कुठे? त्यासाठी बॉयलरच्या पोटात एक चपटी लाल विस्तार टाकी असते, बहुतेक वेळा ८ लिटरची. मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला सिस्टिमचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की पडदा हवेवर दाबला जातो, थंड झालं की मागे येतो. फुगा आत ठेवल्यासारखं.

वर्षानुवर्षांत ही हवा हळूहळू निघून जाते, गाडीच्या चाकातली जाते तशीच. व्हॉल्व्हसुद्धा चाकासारखाच असतो. हवा गेली की फुगलेल्या पाण्याला जागा नाही, दाब झपाट्याने ३ वर, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर. रात्री थंड झालं की तेवढं पाणी कमी, म्हणून काटा तळाला. बरेच जण यातच फसतात: काटा इतका पडला म्हणजे बादलीभर पाणी गेलं असं वाटतं. पण हवाच नसेल तर पेलाभर पाण्यानेही काटा तळाला जातो. तुम्हाला कुठे ओल दिसली नाही त्याचं कारण हेच.

आणि एकदा उघडलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पुष्कळदा नीट मिटत नाही, तो जिथे टेकून मिटतो त्या सीटवर गाळाचा कण अडकतो. मग तो १ बारलाही ठिबकत राहतो. म्हणून हवा भरताना तो व्हॉल्व्हही बदलून घ्यायचा, नाहीतर महिन्याने पुन्हा मला फोन येतो.

---

सोनचाफा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

हवा भरायची तर सायकलच्या पंपाने घरीच भरता येईल ना? माझ्या भावाने भरली होती.

---

पाना_पक्कड | १३ नोव्हेंबर, रात्री ११:००

पंप तोच चालतो, खरं आहे. पण त्याआधी पाण्याची बाजू रिकामी करून दाब शून्यावर आणावा लागतो आणि ड्रेन उघडा ठेवूनच हवा भरावी लागते. नाहीतर पंपावरचा आकडा हवेचा नसतो, पाण्याचा असतो. पुस्तिकेत दिलेला दाब भरायचा, साधारण ०.७५ ते १ बार. मुख्य म्हणजे पुष्कळ बॉयलरांत त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचायला पुढचं झाकण काढावं लागतं, आणि अनेक मॉडेलांत तेच झाकण ज्वलनाची जागा सील करतं. ते नीट बसलं नाही तर धूर घरात. म्हणून झाकण काढायचं काम गॅस सेफवाल्याचंच. येईल त्याच्याकडे ओळखपत्र मागा, मागच्या बाजूला तो कुठली कामं करू शकतो ते लिहिलेलं असतं. पूर्वी कॉर्गी होतं, १ एप्रिल २००९ पासून त्याच्या जागी गॅस सेफ आलं. अजूनही कोणी जुनं कॉर्गीचं कार्ड दाखवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

---

हडसनपार | १४ नोव्हेंबर, पहाटे ३:२०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे प्रकारच वेगळा आहे. घर १९२०च्या दशकातलं, तळघरात ओतीव लोखंडाचा बॉयलर, आणि रेडिएटरमध्ये पाणी नाही, वाफ. रेडिएटर रात्री खडखडतात ते ऐकत आमची मुलं मोठी झाली.

आमचीही गळती अशीच न दिसणारी. बॉयलरला आपोआप पाणी भरणारं यंत्र लावलेलं होतं, त्यामुळे कित्येक महिने कुणाला पत्ताच नाही. त्या यंत्रावर किती गॅलन पाणी घातलं त्याचा आकडा दिसतो. तो एकदा सहज बघितला आणि पोटात गोळा आला. जमीन कोरडी ठणठणीत, मग पाणी गेलं कुठे? थंडीच्या सकाळी बाहेर उभं राहिल्यावर दिसलं. धुराड्यातून पांढऱ्या वाफेचा जाड लोट. पाण्याच्या पातळीच्या वर लोखंड कुजून भोक पडलं होतं, आणि वाफ थेट धुराड्यातून निघून जात होती.

माणसाने बॉयलर बंद करून थंड केला आणि काचेच्या नळीच्याही वर पाणी भरलं. थोड्या वेळात बर्नरवर टप टप सुरू. त्या भोकाला दुरुस्ती नव्हती, बॉयलर बदलावाच लागला. म्हणजे बदलायची वेळही येते. पण आधी बघून मग बदला.

---

कसबा_पेठ | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

इतकं वाचून आमच्या वाड्यातला तांब्याचा बंब आठवला. पुण्यात कसबा पेठेत राहायचो, तांबट आळी हाकेच्या अंतरावर. पहाटे पाचला आजी बंबात गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या टाकायची. बंब गळायला लागला की आजोबा तो रिकामा करून, खांद्यावर घेऊन तांबट आळीत. कारागीर आत मेणबत्ती धरून बाहेरून बघायचा. जिथून उजेडाचा टिपका दिसला तिथे खडूने गोल. घासून, डाख लावून संध्याकाळी बंब परत घरी. "नवीन घ्या" असं कोणी कधी म्हटल्याचं आठवत नाही. तो बंब माझ्या बाबांच्या लग्नाच्या आधीपासून होता आणि वाडा पाडला तोपर्यंत चालला.

विषयांतराबद्दल क्षमस्व.

---

चिमणीचा_धूर | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

विषयांतर कसलं? गळती शोधायची हीच रीत.

---

भिजलेली_छत्री | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

बारीक गळतीसाठी सिस्टिममध्ये ओतायचं गळतीरोधक द्रव मिळतं, ते कोणी वापरलं आहे का? लीड्सला आमच्या घरी एका न सापडणाऱ्या पाझराला त्याने चार वर्षं आराम पडला.

---

पाना_पक्कड | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०

तुमच्या बाबतीत चाललं असेल, नाकारत नाही. जोडावरच्या अगदी बारीक पाझराला ते धरतं. पण टेम्सकाठ यांना मी अजिबात सुचवणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्हमधून जाणारं पाणी त्याने थांबत नाही आणि थांबूही नये, तो व्हॉल्व्ह उघडायलाच हवा. आधीच गाळ असलेल्या जुन्या बॉयलरमध्ये ते अरुंद वाटा चोंदवू शकतं, आणि काही कंपन्या ते सापडलं की वॉरंटी नाकारतात. शोधण्याऐवजी ओतायचं, हे मला पटत नाही.

---

भिजलेली_छत्री | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२५

आमची फरशी नवी होती, ती फोडण्यापेक्षा ओतणं परवडलं. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. सेफ्टी व्हॉल्व्हचं मात्र मान्य.

---

टेम्सकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

पिशवीत पाणी आलं! सकाळी बघितलं तर तळाशी दोन पळ्या पाणी, गढूळ, चहाच्या निवळीसारखं. हातात पिशवी धरून मी तिथेच थंडीत उभी राहिले. महिनाभर जे पाणी कुठे जातंय म्हणून जीव खालीवर होत होता, ते हे.

रात्रीची चाचणीही केली. व्हॉल्व्ह बंद करून सकाळी काटा १.४ वरून १.१. म्हणजे आतूनही ठिबकतंय. शनिवारी दुसऱ्या इंजिनिअर येणार आहेत, गॅस सेफ नोंदणी मी आधीच वेबसाइटवर तपासली. टिश्यूच्या घड्या सासूबाईंनी घरभर ठेवल्या आहेत.

---

पाना_पक्कड | १५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

छान. त्यांना एकच विचारा: टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर काय येतं? काहीच आलं नाही किंवा जराशी हवा आली तर पडदा शाबूत, हवा भरून भागेल. पाणी आलं तर पडदा फाटला, टाकी बदलायची. आणि मुख्य हीट एक्सचेंजर, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग, बघायला सांगा. तो आतून गळत असेल तर पाणी कंडेन्सेटच्या (धुरातल्या वाफेचं थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) प्लास्टिकच्या पाइपातून निचऱ्यात जातं, बाहेर थेंब दिसत नाही. तसं निघालं तर १४ वर्षांच्या बॉयलरवर मी स्वतः पैसे घालणार नाही.

---

टेम्सकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री १०:००

काम झालं. पिन दाबली, हवा नाही, पाणीही नाही. इंजिनिअर बाईंनी हवा भरली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, गंजरोधक औषध नव्याने घातलं. जुना व्हॉल्व्ह मला हातात देऊन दाखवला. रबराच्या चकतीवर काळ्या वाळूसारखा एक कण रुतून बसला होता. एक्सचेंजर कोरडा आहे. सगळं मिळून २३० पौंड झाले. आता गरम असताना काटा १.८च्या वर जात नाही.

---

सोनचाफा | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

अभिनंदन!! कुठे २,९०० आणि कुठे २३०.

---

हडसनपार | १९ नोव्हेंबर, पहाटे ४:०५

वाचून बरं वाटलं. रोज सकाळी काट्याचा फोटो काढत राहा.

---

टेम्सकाठ | २९ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

काढत होते. नऊ दिवस काटा १.४ वर स्थिर होता. मग १.३, परवा १.२. माझा चेहरा पडला, म्हटलं आता फरशी उकरायची पाळी.

काल सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या खोलीतल्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हखालची टिश्यूची घडी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यावर पावलीएवढा हिरवट डाग. म्हणाल्या, "हे बघ, घंगाळाला चढायचा तसा कळंक आहे. इथूनच जातंय." मी खाली वाकून बघितलं तर व्हॉल्व्हच्या दांडीपाशी, नटाच्या कडेला, हिरवं-पांढरं कडं जमलेलं. पुसलं, कोरडं केलं, आणि काकांनी सांगितलं तसं दोघी समोर बसून राहिलो. विसाव्या मिनिटाला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब फुटला.

पाना_पक्कड, यात मी स्वतः काही करू शकते का?

---

पाना_पक्कड | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

हो, इथे गॅसचा संबंध नाही. वरची टोपी काढा. दांडी जिथून बाहेर येते तिथला छोटा नट, पान्याने फक्त पाव फेरा आवळा. एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवा, पाइपावर पीळ पडू देऊ नका. थांबलं नाही तर आणखी पाव फेरा. त्यापुढे नको.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं. आत्ता बदलू नका. एक्सचेंजर कोरडा आहे तोवर हा बॉयलर आणखी काही हिवाळे काढेल. तेवढ्या वेळात घराचं माळ्यावरचं इन्सुलेशन बघून घ्या आणि हीट पंपाचा (बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) दर मागवून ठेवा. इंग्लंड-वेल्समध्ये त्यासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. बॉयलर भर जानेवारीत बंद पडला की माणूस मिळेल ते बसवून घेतो, विचार करायला वेळ राहत नाही.

---

टेम्सकाठ | २९ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

पाव फेरा आवळला. दोन तास झाले, नवी टिश्यू कोरडी आहे. सासूबाई तिथेच खुर्ची टाकून विणत बसल्या आहेत, मध्येमध्ये वाकून बघतात.